काउनाकाकाई : चंदनाचे माप असलेले बेट

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारी आपली कुटुंबे अलीकडे हवाई बेटांचाही प्रवास करू लागली आहेत. होनोलुलूचा वायकीकी किनारा, माउई बेटावरचा सूर्योदय, मोठ्या बेटावरचा ज्वालामुखी एवढे पाहून बहुतेक जण परततात. होनोलुलूहून लहान विमानाने अर्ध्या तासाच्या अंतरावर मोलोकाई नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर काउनाकाकाई हे एकच गावासारखे गाव. बेटाची लांबी सुमारे ६१ किलोमीटर, रुंदी सुमारे १६ आणि वस्ती ७,००० च्या आसपास. वाहतुकीचा दिवा साऱ्या बेटावर एकही नाही. माडापेक्षा उंच इमारत नाही. विमानतळाबाहेरची एक पाटी पाहुण्याचे स्वागत करते आणि त्याच श्वासात त्याला वेग कमी करायला सांगते.

आधीच सांगितलेले बरे, की ज्यांना बाजारहाट, रोषणाई आणि दिवसाला चार स्थळे हवीत त्यांनी येथे येऊ नये. हॉटेल म्हणण्यासारखे एकच आहे. माउईहून येणारी प्रवासी बोट २०१६ साली बंद झाली, त्यामुळे आता मोजक्या आसनांच्या विमानाशिवाय मार्ग नाही. त्यात बसण्यापूर्वी सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन विचारतात, त्यात संकोच मानू नये.

गावाचा मुख्य रस्ता म्हणजे आला मालामा. चालत निघाल्यास दहा मिनिटांत संपतो. दोन्ही बाजूंना लाकडी दुकाने असून त्यांचे दर्शनी भाग आतल्या बांधकामापेक्षा उंच उभारलेले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा थाट अद्याप टिकून आहे. व्यापारी घरातल्या माणसाने येथे वस्तूंच्या मांडणीकडे जरूर पाहावे. बहुतेक सारा माल होनोलुलूहून बार्जने ठरावीक दिवशी येतो, म्हणून फळी कधी भरलेली तर कधी रिकामी दिसते आणि भाव मुख्य भूमीपेक्षा चांगलेच चढे असतात. तरीही गल्ल्यावरची व्यक्ती प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखते आणि घाई करीत नाही. रविवारी बरीच दुकाने बंद राहतात. शनिवारी सकाळी याच रस्त्यावर शेतकऱ्यांचा छोटा बाजार भरतो, तो चुकवू नये.

रस्त्याच्या खालच्या अंगाला समुद्रात सुमारे ८०० मीटर गेलेला धक्का आहे. बार्ज येथेच लागते. धक्क्याजवळ एका जुन्या घराचा दगडी चौथरा उरला आहे. ते राजा पाचवा कामेहामेहा याचे विश्रांतीचे घर होते आणि त्याचे नाव मालामा. मुख्य रस्त्याला त्यावरूनच नाव पडले. गावाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर कापुआइवा हे माडबन आहे. तेही १८६० च्या दशकात याच राजासाठी लावले गेले आणि कापुआइवा हे त्याचेच नाव. मूळचे सुमारे हजार माड, त्यांतले अनेक आता पडले आहेत. वरून नारळ कोसळण्याचा धोका असल्याने माडबन रस्त्यावरूनच पाहावे. समोर लहान लहान लाकडी चर्चची एक रांग आहे.

हा राजा १८६३ ते १८७२ गादीवर होता आणि आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशीच वारला. या बेटावर त्याची सावली फार लांब पडलेली आहे. पण ती समजण्यासाठी त्याच्याही आधीच्या एका व्यापाराची हकीकत पाहिली पाहिजे, आणि ती आपल्यासारख्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे.

बेटाच्या पूर्व भागातल्या डोंगराळ अरण्यात एक खड्डा आहे. त्याला लुआ मोकु इलियाही म्हणतात, म्हणजे चंदनाच्या जहाजाचा खड्डा. त्याचा आकार जहाजाच्या पोटासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधल्या कँटन बंदरात चंदनाला मोठी मागणी होती. म्हैसूर-मलबारचे चंदनही तेथे जात असे. हवाईच्या डोंगरांवर चंदनाच्या स्थानिक जाती उगवतात हे अमेरिकी व्यापाऱ्यांना कळले आणि बेटांवर जहाजे येऊ लागली. होनोलुलूला चिनी भाषेत आजही 'चंदनाचा डोंगर' अशाच अर्थाचे नाव आहे. डोंगरात ना तागडी ना वजने. म्हणून जहाजाच्या पोटाएवढा खड्डा खणायचा, तो ओंडक्यांनी काठोकाठ भरला म्हणजे एका जहाजाचा माल झाला. मग ते ओंडके माणसांनी पाठीवर बांधून किनाऱ्यापर्यंत उतरवायचे.

पहिल्या कामेहामेहाने हा व्यापार आपल्या एकट्याच्या हाती ठेवला होता. १८१९ साली तो वारला, तेव्हा सरदारांना मोकळीक मिळाली. त्यांनी पुढे तोडायच्या चंदनाच्या भरवशावर उधारीने कापड, भांडी, मद्य, एवढेच काय जहाजेही घेतली. नव्या राजाने १८२० साली 'क्लिओपाट्राज बार्ज' नावाची शौकाची नौका चंदनाच्या मोबदल्यात घेतली. बाकी वाढत गेली. १८२६ साली अमेरिकी युद्धनौका होनोलुलूत आल्या, तेव्हा व्यापाऱ्यांच्या थकबाकीचा प्रश्न त्यांच्या अधिकाऱ्यांनी हाती घेतला. वर्षअखेरीस हुकूम निघाला, की प्रत्येक पुरुषाने अर्धा पिकुल, म्हणजे सुमारे ३० किलो चंदन, किंवा चार स्पॅनिश डॉलर सरकारात भरावेत. ज्याने एक वारही कापड घेतले नव्हते त्याच्याही डोक्यावर हे कर्ज आले. वहीत नाव सरदाराचे आणि भार मात्र वाहणाऱ्याच्या पाठीवर, असा हा हिशेब होता. माणसे डोंगरात गुंतल्याने शेते ओस पडली. पुढच्या पिढीला हे भोगावे लागू नये म्हणून लोकांनी चंदनाची रोपे उपटून टाकली, असे बेटावर आजही सांगतात. १८३० च्या सुमारास झाडे संपली आणि व्यापारही संपला.

देवपूजेत रोज चंदन उगाळणाऱ्या घरांतून आलेल्या माणसाने त्या खड्ड्याच्या काठावर थोडा वेळ तरी थांबावे, असे मला वाटते. वाट कच्ची आहे आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते. पावसात तिकडे जाऊ नये. भाड्याच्या साध्या मोटारीने जाण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये.

आता पुन्हा पाचव्या कामेहामेहाकडे. १८६५ साली त्याने कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याच्या कायद्यावर सही केली. मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावर कालाउपापा नावाची एक जमिनीची जीभ समुद्रात शिरलेली आहे. तीन बाजूंनी खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला प्रचंड उभा कडा. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण तेथे उतरवले गेले. पुढील शतकभरात सुमारे ८,००० माणसे आप्तांपासून तोडून तेथे पाठवली गेली, त्यांतील बहुतेक मूळ हवाईवासी. त्यांना जागा मिळावी म्हणून तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या निरोगी शेतकऱ्यांनाही टप्प्याटप्प्याने हलवण्यात आले, हे सहसा कोणी सांगत नाही.

बेल्जियमचे फादर दामियन १८७३ साली तेथे आले, रुग्णांची सेवा करताना त्यांना तोच रोग जडला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी ते वारले. १८८८ साली मदर मेरियन कोप तेथे आल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या. दोघांनाही त्यांच्या धर्मपीठाने संतपद दिले, २००९ आणि २०१२ साली. त्यांची थोरवी वादातीत आहे. पण दामियन येण्यापूर्वीच, १८६६ मध्येच, रुग्णांनी स्वतः एकत्र येऊन तेथे आपली प्रार्थनामंडळी स्थापन केली होती. ज्यांना टाकून दिले त्यांनीही तेथे गाव उभे केले होते.

दामियन यांच्या मृत्यूचे पडसाद आपल्या देशापर्यंत पोहोचले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला आणि त्या निधीने १८९०-९१ मध्ये भारतात चौकशी आयोग पाठवला. रोगाची संसर्गक्षमता एवढी नाही की रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ साली भारतात कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झालाच, आणि तो रद्द व्हायला २०१६ उजाडले. कालाउपापाला गुणकारी औषध १९४६ मध्ये पोहोचले. सक्तीचे विलगीकरण मात्र १९६९ मध्ये उठले. बंधन उठल्यावरही अनेक रुग्णांनी तेथेच राहणे पसंत केले.

आज तो प्रदेश राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. खाली उतरण्यास परवानगी लागते, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि रहिवाशांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना घेता येत नाहीत. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. खाली जाता आले नाही तरी पालाआउ उद्यानातील कड्यावरून ती सारी भूमी पायाखाली दिसते. सकाळी लवकर जावे, नंतर ढग उतरतात. बेटावर एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहावी.

या राजाच्या काळातली आणखी एक आठवण मात्र पायांनी चालते. १८६७-६८ मध्ये हाँगकाँगमार्गे भेट म्हणून आलेली मोजकी हरणे मोलोकाईवर सोडण्यात आली. ती मूळची भारतातली, म्हणजे आपले चितळ. संध्याकाळी पश्चिमेच्या माळावर त्यांचे कळप दिसतात आणि परक्या मुलखात गाववाला भेटावा तसा आनंद होतो. पण येथे ना वाघ ना बिबट्या. कळप वाढत गेले, उतारावरची झाडोऱ्याची कोवळी फूट खाल्ली गेली. उघडी पडलेली लाल माती पावसाबरोबर समुद्रात जाते आणि दक्षिण किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर बसते. २०२०-२१ च्या दुष्काळात शेकडो चितळ उपासमारीने मेले. बेटावरची अनेक कुटुंबे चितळाची शिकार करून त्यावर गुजराण करतात. आपल्या मनाला हे पटणार नाही, पटू नयेही. मात्र पाहुण्याने दुकानात उभे राहून उपदेश करू नये, कारण ज्याने ही हरणे येथे आणली त्याचा व्यवहार आणि ज्याला ती आज भोगावी लागतात त्याचा संसार यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. जंगलाला कुंपण घालून काही क्षेत्र राखण्याचे काम चालू आहे, त्याची माहिती घ्यावी.

हे बेट पाहुण्यांविषयी सावध का, याचेही उत्तर याच इतिहासात मिळते. अननसाच्या मोठ्या कंपन्या विसाव्या शतकात आल्या आणि १९७०-८० च्या दशकांत निघून गेल्या. पुढे पश्चिमेच्या मोठ्या जमीनमालक कंपनीने ला'आउ टोकावर श्रीमंतांसाठी सुमारे २०० भूखंडांची योजना आखली. लोकांनी कडाडून विरोध केला. २००८ साली कंपनीने हॉटेलसह सारे व्यवसाय बंद केले आणि शंभरावर माणसांचा रोजगार गेला. विरोध करणाऱ्यांपैकी काहींच्याच घरची ती माणसे होती. आपल्यातले अनेक जण म्हणतील, चालत्या धंद्याला लाथ मारली. मी तसे म्हणणार नाही. ज्या बेटाने खड्डा भरून पाहिला आहे, ते नवे माप घेऊन येणाऱ्याकडे संशयाने पाहणारच.

जेवणाविषयी. हवाईचे पोई हे अळूच्या कंदाचे, म्हणून कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना चालणार नाही. नीरफणस, केळी, पपई, अव्होकाडो मुबलक मिळतात. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, डाळ-तांदूळ होनोलुलूहून आणावेत आणि नीरफणसाची कापे कोकणातल्यासारखीच परतावीत. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या बेकरीच्या मागच्या गल्लीत रात्री गरम पाव घेण्यासाठी रांग लागते. बेटावरचा हा रात्रीचा एकमेव गजबजाट. चौविहार पाळणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, आणि पावात अंडे-लोणी काय पडते ते विचारूनच घ्यावे. एरवी सूर्यास्तानंतर गाव आपोआपच शांत होते, त्यामुळे नियम पाळणाऱ्यांची येथे गैरसोय अशी होत नाही.

परतण्याच्या दिवशी विमानतळाजवळच्या होओलेहुआ पोस्टात जावे. तेथे नारळ ठेवलेले असतात. एक उचलायचा, त्यावर रंगीत पेनने पत्ता आणि दोन ओळी लिहायच्या आणि वजनाप्रमाणे टपालखर्च भरायचा. नारळाचे पैसे घेत नाहीत. पोस्टातली मंडळी चांगली तिकिटे निवडून चिकटवतात आणि तो नारळ, वेष्टनाशिवाय, तसाच न्यू जर्सीच्या नातवंडांच्या दारी जाऊन पडतो. पोस्ट शनिवार-रविवारी बंद असते.