डोळ्यातील तिसरा पहारेकरी

दिवेलागणीच्या सुमारास जास्वंदीच्या झाडाकडे पाहावे. पाने अजून दिसत असतात. तांबडे फूल मात्र काळेठिक्कर पडलेले असते. फूल काही बदललेले नसते. बदललेला असतो तो डोळ्यातील पहारा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी असतात. दिवसाचे रंग त्या ओळखतात. उजेड मंदावला, की सुमारे १२ कोटी दंडाकार पेशींचे राज्य सुरू होते. त्यांना पुसटसा प्रकाशही पुरतो. परंतु रंग ओळखता येत नाहीत, आणि तांबडा प्रकाश तर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही.

शास्त्रज्ञ दीर्घकाळ या दोन पहारेकऱ्यांवरच समाधान मानून होते. १९२७ साली अमेरिकेतील क्लाइड कीलर यांनी अंध उंदरांविषयी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. प्रकाश पडताच त्या उंदरांच्या डोळ्यांतील बाहुल्या आकसत होत्या! मग प्रकाश ओळखला कोणी? हा प्रश्न फारसा कोणी मनावर घेतला नाही. पुढे १९९९ साली इंग्लंडमध्ये रसेल फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनी, दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेले उंदीरही दिवस व रात्र ओळखतात, हे दाखवून दिले. २००२ साली डेव्हिड बर्सन यांना उंदराच्याच जातीतील घुशीसारख्या एका प्राण्याच्या डोळ्यात तो तिसरा पहारेकरी सापडला. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींपैकी काही थोड्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखत होत्या. त्यांच्यातील मेलॅनॉप्सिन हे द्रव्य मात्र प्रथम १९९८ साली आढळले होते, तेही बेडकाच्या कातडीत!

या पेशींची रीतच निराळी. अंधारात दंडाकार पेशीतून विजेचा बारीक प्रवाह वाहत असतो आणि प्रकाश येताच तो रोडावतो. तिसऱ्या पेशीत प्रकाशाने प्रवाह वाढतो. ती जागी होण्यास वेळ लावते. पण एकदा जागी झाली, की उजेड असेपर्यंत संदेश पाठवीत राहते. निळा प्रकाश तिला विशेष भावतो. चित्र पाहणे हे तिचे काम नव्हे. दिवस उगवला की मावळला, एवढे ती शरीराला कळवते.

१९९५ साली काही पूर्ण अंध माणसांच्या डोळ्यांवर रात्री प्रखर प्रकाश पाडण्यात आला, तेव्हा त्यांच्या रक्तातील, रात्र झाल्याची खूण देणारे मेलॅटोनिन कमी झाले. डोळे झाकल्यावर तसे घडले नाही. ज्यांचे दोन्ही डोळेच गेलेले असतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शरीरातील घड्याळ मात्र रोज थोडे थोडे मागे पडत जाते. काही आठवड्यांनी त्यांना भर दुपारी झोप येते आणि मध्यरात्री टक्क जाग.