बशीतला चहा

आमच्या नातीने बोलायला सुरुवात केली तेव्हा 'अम्मी' आणि 'अब्बा'नंतर तिचा तिसरा शब्द होता 'चाय'. घरात सगळे हसले. आम्हीही कौतुकाने हसलो. फजरच्या नमाजनंतर आम्ही चहाला बसलो की ती रांगत जवळ येई. आम्ही बशीतला चहा फुंकून त्यात टोस्ट बुडवून तिला भरवत असू. देऊळगाव राजातील आमच्या मोहल्ल्यात हे दृश्य काही नवे नाही.

दीड वर्षाची झाली तरी तिचे वजन वाढेना. अंगणवाडीताईंनी कार्ड दाखवले. खूण पिवळ्या पट्ट्यात गेली होती. दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन कमी निघाले. घरी येऊन आम्ही सगळा राग सुनेवर काढला. "बेटी, तू तिला धड भरवत नाहीस." ती काही बोलली नाही. मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

दोन दिवसांनी अंगणवाडीताई घरी आल्या. छोटी काय खाते हे त्यांनी नंतर विचारले. आधी विचारले, घरात कोण केव्हा जेवते? आम्ही ऐटीत सांगू लागलो आणि सांगता सांगताच आमचा आवाज खाली आला. आमच्याकडे दस्तरखानवर आधी पुरुष बसत. गोश्त असेल त्या दिवशी चांगल्या बोट्या तिथेच संपत. सासू-सुना शेवटी बसत, तोवर रात्रीचे दहा वाजून जात. छोटी आईच्याच हातून जेवणारी, म्हणून तिचीही पाळी शेवटची. तोपर्यंत ती झोपून जाई. मध्ये रडली तर हातात बिस्किट. "बोटी पचणार नाही" म्हणून तिला नुसता रस्सा. कापूस वेचणीच्या दिवसांत सून शेतावर गेली की दिवसभर चहा-टोस्ट.

ही रीत केवळ आपलीच आहे असे नाही. आश्विनात बालाजीच्या यात्रेला शेजारी पाहुणे येतात, तेव्हा तिथेही बायका शेवटीच जेवताना आम्ही पाहिल्या आहेत.

मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत फक्त आईचे दूध, त्यानंतर दुधाबरोबर घरचे अन्न, असे डॉक्टर सांगतात. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. परंतु दुसऱ्या वर्षात नुसते दूध पुरत नाही. शिवाय चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि लहानसे पोट गोड पाण्यानेच भरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आहार मिळत होता. गरिबी हे त्याचे मोठे कारण आहेच. पण आमच्या घरात ज्वारी होती, डाळ होती, अंडी होती. ती छोटीपर्यंत पोहोचत नव्हती.

हजरत उमर बिन अबू सलमा यांची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. लहान असताना त्यांचा हात ताटभर फिरत असे. तेव्हा पैगंबरांनी त्यांना बिस्मिल्लाह म्हणायला, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खायला शिकवले. हा प्रसंग आम्ही मुलांना अदब म्हणून शेकडो वेळा सांगितला. ते मूल पैगंबरांसोबत एकाच ताटात जेवत होते, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नाही.

आता मगरिबनंतर सगळे एकत्र बसतो. डाळीत कुस्करलेली भाकरी, अंडे, बारीक केलेली बोटी छोटीसमोर येते. मेथी ती अजून थुंकते. नवी चव रुळायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, असे डॉक्टर म्हणाले. लोहाचे औषधही चालू आहे. चहासाठी ती आठवडाभर रडली. शेवटी तिच्यासमोर चहा पिणे आम्हीच सोडले. ते तिच्यापेक्षा आम्हाला जड गेले.

पुढच्या महिन्यात वजन थोडे वाढले. सुनेची माफी मात्र आम्हाला शब्दांत मागता आली नाही. पहिल्या रात्री तिच्या ताटात आधी वाढले, एवढेच. ती दस्तरखानच्या कडेला अर्धी उठल्यासारखी बसली होती. आजही जेवता जेवता मध्येच उठते. नातीला मेथी खायला लावण्यापेक्षा तिला शेवटपर्यंत बसवणे अवघड आहे.