बेथसैदाचा प्रश्न

बाबा देवाघरी गेल्यानंतर आमच्या आईची झोप उडाली. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. दरमहा डॉक्टर विचारीत, “आता कसे वाटते?” आई नम्रपणे म्हणे, “बरे आहे, डॉक्टर.” तेच औषध पुढे चालू राही. घरी मात्र ती पहाटे तीन वाजता अंधारात रोझरीचे मणी ओढीत बसे. आम्ही भावंडे शेजारी असूनही गप्प राहत असू. आईचे बोलणे परक्यांसमोर खोडायचे कसे?

वर्षभराने आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रत्येक भेटीपूर्वी आईपुढे ९ प्रश्नांचा कागद ठेवला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह यांविषयीचा त्रास किती दिवस झाला? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज २७ पर्यंत. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. आईने “काही दिवस” यावर खूण केली. आम्ही हादरलो. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, “पहिले डॉक्टर फार मायाळू होते रे. त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचे?”

काही आठवड्यांनीही बेरीज उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलले आणि समुपदेशनाची जोड दिली. मग आकडा हळूहळू खाली आला.

पहिल्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५० रुग्णांपैकी कोणाची प्रकृती खालावेल, असे त्यांच्या उपचारकांनाच विचारले होते. त्यांनी तिघांकडे बोट दाखविले. प्रत्यक्षात ४० जणांची खालावली. रुग्णाचे उत्तर वेळोवेळी उपचारकापर्यंत पोहोचले, तर अशी घसरण लवकर ध्यानात येते, असे संशोधकांना आढळले आहे.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील बेथसैदाचा आंधळा आता आम्हांला वारंवार आठवतो. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि काही दिसते का, असे विचारले. माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. प्रभू रागावला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले. प्रत्यक्ष प्रभूने विचारले, मग आम्ही का विचारू नये?

आता रविवारी मिस्सानंतर आम्ही आईजवळ बसतो. “बरी आहेस ना?” असे विचारीत नाही. “काल रात्री किती वाजता झोप लागली?” असे विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.