पानावर किती पोचला

अंबरनाथ पश्चिमेच्या जुन्या, तळ अधिक तीन मजल्यांच्या इमारतींत झाडाच्या वाट्याला येणारा उजेड मुळातच कमी. शेजारची इमारत दहा-बारा फुटांवर, खिडकीला ग्रिल, ग्रिलवर पत्रा आणि बाल्कनी असलीच तर ती केव्हाच खोलीत घेतलेली. त्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. जुलै संपेपर्यंत तुळशीची पेरं लांबतात, पानं फिकी पडतात, कुंडीत पेरलेली कोथिंबीर दोऱ्यासारखी उंच जाऊन आडवी होते. दोष मात्र बहुतेक वेळा मातीला दिला जातो आणि खत वाढवलं जातं. खतातून क्षार मिळतात, पोट भरत नाही. पोट भरतं ते पान उजेडात जी साखर तयार करतं तिनं. त्यामुळे असं झाड वाचवायचं तर दिवा हवा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. वाद पुढे सुरू होतो, कारण बाजारात त्यासाठी ‘ग्रो लाइट’ म्हणून जांभळा प्रकाश विकला जातो. माझं म्हणणं असं, की साधी पांढरी एलईडी बॅटन या कामाला पुरते. कसब लागतं ते दिवा निवडण्यात फार थोडं आणि तो पानाजवळ नेण्यात पुष्कळ.

या कामात सगळ्यात फसवं माप म्हणजे आपला डोळा. दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत दीडशे-दोनशे. पाचशे पटींचा हा फरक डोळा गिळून टाकतो, कारण बुबुळ आणि पडदा दोन्ही स्वतःला जुळवून घेतात. पानाला ती सोय नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशकण किती पडले, एवढंच ते मोजतं. चौरस मीटरमागे कणांची दर सेकंदाची मोजणी मायक्रोमोलमध्ये होते आणि दिवसाची बेरीज मोलमध्ये. मनीप्लांट दिवसाला एक-दोन मोलांवर तगतो, पालेभाजी भरायला दहा-बारा लागतात आणि मे महिन्यात गच्चीवर चाळीसच्या वर पडतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला सत्तरनं भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. मोबाइलमधलं लक्स मोजणारं अॅप एवढ्या कामाला चालतं. या हिशेबानं दोनशे लक्सच्या खोलीत बारा तास ठेवलेल्या कुंडीला दिवसाकाठी मिळतो एका मोलाचा जेमतेम आठवा भाग. खोली उजळ वाटते आणि झाड उपाशी असतं.

जांभळ्या रंगाची कुळकथा सांगायला हवी, कारण सगळ्यात ठाम आक्षेप तिथूनच येतो. पाठ्यपुस्तकातल्या आलेखात हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, हिरवा सोडून देतं. मग पांढऱ्या दिव्यातला हिरवा फुकट जातो, असा हा युक्तिवाद. पण तो आलेख पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. अख्ख्या पानात हिरवा कण पेशींवर आदळत, इकडेतिकडे फिरत बराच वेळ अडकून राहतो आणि बहुतांशी शोषला जातो. कीथ मॅक्री यांनी १९७२ साली २२ जातींच्या पिकांवर केलेलं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यात तांबडा सरस ठरला हे खरं, पण हिरव्यानंही प्रकाशसंश्लेषण चांगलंच होतं हेही दिसलं. जांभळ्या दिव्यामागे आणखी एक कारण इतिहासाचं आहे. १९९० च्या आसपास विस्कॉन्सिन विद्यापीठात एलईडीखाली लेट्युस वाढवलं, तेव्हा कामाची एलईडी मिळत होती ती तांबडीच. निळ्याची भर फ्लुरोसंट नळीनं घालावी लागली. पुढे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या कामातून प्रखर निळी एलईडी आली, तिच्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. आज घराघरातली पांढरी एलईडी म्हणजे तीच निळी चिप, वर पिवळसर फॉस्फरचा लेप. म्हणजे झाडाला हवा तो निळा तिच्यात आहे, तांबडाही आहे. शिवाय पांढऱ्या उजेडात पानावरचा मावा आणि भुरी वेळेवर दिसते. जांभळ्यात सगळंच काळं दिसतं, आणि हा तोटा जाहिरातीत कधी छापलेला नसतो.

आता स्वस्ताईचा भाग. ‘उजाला’ योजनेच्या खरेदीत एलईडी बल्बचा दर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ वर आला, आणि त्या लाटेत बॅटनही उतरल्या. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत २० वॅटची चार फुटी बॅटन दोन-अडीचशेत मिळते. वॅटमागे शंभर ल्युमेन धरले तर तिच्यातून सेकंदाला सुमारे २८ मायक्रोमोल निघतात. छताला लावली तर त्यातले बहुतेक भिंतींना आणि आपल्याला मिळतात. तीच साठ सेंटिमीटरवरून पंधरावर खाली आणली की नळीच्या बरोबर खाली उजेड चौपटीच्या आसपास जातो, आणि बिल एका पैशानंही वाढत नाही. बल्ब असा जवळ आणला तर झगझगीत ठिपका पडतो आणि कडेची रोपं त्याच्याकडे वाकतात; बॅटन अख्खी ओळ सारखी उजळते. लोखंडी अँगलच्या मांडणीत एका फळीखाली दहा-दहा सेंटिमीटरवर तीन बॅटन, खाली फूटभर रुंदीचा, चार फूट लांबीचा ट्रे, आणि तिन्ही बाजूंना आतून पांढरा रंग दिलेला पुठ्ठा किंवा प्लाय: एवढंच हे यंत्र. आरसा किंवा चॉकलेटची चांदी लावायची गरज नाही. पांढरा मॅट रंग उजेड परततो आणि पसरवतोही. निघालेल्यातला सत्तर टक्के उजेड ट्रेवर पडला असं धरलं, तर चौदा तासांत चौरस मीटरमागे आठ मोल जमतात. बॅटन मात्र साखळीनं टांगावी, म्हणजे रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घेता येते. माझ्या मते या दिव्यातला सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग ही साखळीच.

इथे जाणकार माणूस अडवतो: बॅटनचं दुधी कव्हर दहा-पंधरा टक्के उजेड खातं, ते काढून का टाकत नाही? ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि एमआयडीसी यांच्या आधारानं वाढलेल्या अंबरनाथमध्ये पेचकस चालवणारे हात गल्लोगल्ली आहेत, म्हणूनच या आक्षेपाला सविस्तर उत्तर द्यायला हवं. स्वस्त बल्बांत आणि बॅटनमध्ये ड्रायव्हर बहुधा आयसोलेटेड नसतो. ज्यांना दुकानदार डीओबी म्हणतात त्या प्लेटवर तर ड्रायव्हर आणि चिप एकाच अॅल्युमिनियमवर बसलेले असतात. उघड्या चिपच्या टोकाला मेनचा व्होल्टेज असतो आणि चिप व धातू यांच्यामध्ये फक्त एक पातळ थर. खाली ओली माती, वरून पाण्याचा फवारा, शेजारी लोखंडी अँगल. कव्हर हेच तिथलं इन्सुलेशन आहे. त्यानं खाल्लेला उजेड बॅटन दोन बोटं खाली आणून परत मिळतो, मग ते काढायचं कशाला? अँगलला अर्थिंग, तीन पिनांचा टॉप आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी, हे तीन खर्च या दिव्यात टाळू नयेत. बारा व्होल्टची पट्टी हा सुरक्षित पर्याय म्हणून सुचवला जातो आणि चांगला एसएमपीएस असेल तर तो सुरक्षित आहेही. पण त्या पट्टीत तीन-तीन चिपांची माळ असते, तिला नऊच्या आसपास व्होल्ट लागतात आणि उरलेले तीन रेझिस्टरमध्ये नुसते तापतात. पाव वीज इथेच गेली. शिवाय पट्टीचा डिंक पावसाळी दमटपणात सुटतो. तीच वापरायची तर स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे उरलेला अॅल्युमिनियम सेक्शन घेऊन त्यावर चिकटवावी, म्हणजे उष्णता उतरते आणि चिप टिकते.

खर्चाचा आक्षेप याहून जड आहे. तीन बॅटन चौदा तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला पंचवीस. वहन आकार, वीज शुल्क धरून हिशेबाला सोपे म्हणून युनिटमागे दहा रुपये घेतले तर अडीचशे. शंभर युनिटांची पायरी ज्यांची आधीच ओलांडलेली असते, त्यांना याहून जास्त पडेल. एवढ्यात बाजारातून जितक्या कोथिंबिरीच्या जुड्या येतात तितक्या त्या ट्रेत महिन्यात होत नाहीत. म्हणून कोथिंबिरीसाठी हा दिवा लावू नये, असंच मी सांगेन. कढीपत्ता, लिंबू यांच्यासाठी तर नाहीच. त्यांची भूक या दिव्याच्या आवाक्यातली नव्हे. पण रोपवाटिकेचा हिशेब वेगळा निघतो. ९८ खणांचे दोन प्रो-ट्रे चार फुटी बॅटनखाली लांबीत बरोबर मावतात. मिरची, वांगं, टोमॅटोची १९६ रोपं पंचवीस दिवस वाढवायला एकवीस युनिट, म्हणजे रोपामागे रुपयाच्या आसपास. पावसाळ्यापुरती तुळस, ब्राह्मी, पुदिना तगवणं हेही परवडतं, कारण तिथे खिडकीतून येणाऱ्या उजेडात फक्त भर घालायची असते आणि एक बॅटन चालते. महागडे बागायती दिवे तेवढ्याच विजेत जवळजवळ दुप्पट कण देतात, हे मान्य. म्हणजे तीन बॅटनांच्या जागी महिन्याला बारा-तेरा युनिट वाचतील, सव्वाशे रुपये. पाच हजारांचा दिवा घेतला तर ते पैसे फिटायला तीन वर्षं वर्षभर, रोज चौदा तास दिवा लागला पाहिजे. चार महिन्यांच्या वापरात नऊ-दहा वर्षं जातील. दिवे बाराही महिने लावणाऱ्यानं जरूर महागडा घ्यावा.

चौदा तासच का, चोवीस का नाहीत, याचं उत्तर पैशात नाही. टोमॅटोला अंधारच मिळाला नाही तर पानं पिवळी पडतात. शेवंती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. पॉलिहाउसमधले शेतकरी तिला हवी तेवढी वाढवून घ्यायला रात्री मुद्दाम दिवे लावतात. ड्रॅगन फ्रुटच्या बागेत याच्या उलट, बिगरहंगामी फुलासाठी रात्रीचा उजेड देतात. तेव्हा शेवंतीची कुंडी या मांडणीपासून दूरच ठेवावी, आणि बाकीच्यांसाठी वेळ पक्की हवी. त्यासाठी टायमर घ्यायचा तर अंबरनाथ-बदलापूरकरांनी चक्री फिरवायचा स्वस्त टायमर घेऊ नये. वीज गेली की तो थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. पावसाळ्यात चार वेळा वीज गेली की झाडांची सकाळ दुपारी बारापर्यंत सरकलेली असते. आत सेल असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण अंधारातही घड्याळ चालू ठेवतो.