बक्षीस म्हणून वीट!

स्पर्धेत तुमचा पहिला नंबर आला आणि बक्षीस म्हणून हातावर चक्क वीट ठेवली तर? रागावू नका! अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेथेस्डा इथे १९९४ साली ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ ही स्वतंत्र व्यंगचित्रकारांची जत्रा सुरू झाली. तिथे १९९७पासून ‘इग्नॅट्झ’ पुरस्कार देतात, आणि तो म्हणजे खरीखुरी वीट! जॉर्ज हेरीमनच्या ‘क्रेझी कॅट’ या चित्रमालिकेतला इग्नॅट्झ उंदीर मांजराला विटा फेकून मारायचा. मांजराला वाटायचं, हे तर प्रेमच! विजेते कोण, ते ठरवतात जत्रेला आलेले लोक.

मला तिथली ‘मिनी-कॉमिक्स’ फार आवडली. ना प्रकाशक, ना छापखाना. आपणच काढायचं, झेरॉक्स करायचं, स्टेपल मारून विकायचं. अशा चिमुकल्या पुस्तकांसाठीही वेगळी वीट असते बरं का!

माझी चित्रं कितीदा तरी ‘साभार परत’ आली आहेत. लिफाफा पाहूनच पोटात गोळा येतो. पण ही जत्रा कळली आणि वाटलं, वाचकांपर्यंत जायला परवानगी कशाला हवी? कोऱ्या कागदाला तीन घड्या घातल्या, उलगडून मधोमध एक काप दिला, पुन्हा दुमडला. झालं आठ पानांचं पुस्तक! चित्रं सगळी एकाच बाजूला, म्हणून एका प्रतीला एकच झेरॉक्स. दहा प्रती आमच्या वाड्यात वाटल्या. तिसऱ्या दिवशी एक चिमुरडी दारात हजर, “काका, पुढचा भाग कधी?”

आता तुमची पाळी. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, गोष्ट मात्र पुरी करा!