चार स्क्रूंची गिटार

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि गिटारही त्यांनी दुरुस्तीवाल्याच्याच डोक्याने बनवली. नेक बॉडीला सरसाने चिकटवायची जुनी रीत त्यांनी सोडली आणि ती चार स्क्रूंनी आवळली. फ्रेट झिजले तर नेक काढा, दुसरी बसवा, वाजवायला लागा. अशा गिटारबद्दल आज पहिला प्रश्न येतो तो ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ हा. गंमतच म्हणायची.

माझ्याकडची फेंडर मस्टँग मामाने अमेरिकेहून आणलेली. शिकाऊ मुलांसाठी १९६४ साली काढलेलं हे स्वस्तातलं मॉडेल. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा एक पिकअप मुका होता, टोनचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरवायचा भाग, गंजून बसला होता आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर ऐकू यायची. प्लेट उघडली तर पॉटच्या कडेला १३७६६ने सुरू होणारा आकडा उमटवलेला. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे साल आणि पुढचे दोन आकडे आठवड्याचे. यावरून गिटारचं वय मात्र ठरत नाही. फेंडरने १९६६मध्ये पॉट घाऊक घेऊन ठेवले होते आणि ते पुढची काही वर्षं वापरले. गिटार त्या आठवड्याच्या आधीची नाही, एवढंच खात्रीने सांगता येतं.

पिकअप म्हणजे सहा चुंबकांभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मल्टीमीटर लावला तर रीडिंगच नाही. दमट हवेने तार आतून हिरवी पडून कुठेतरी तुटली होती. पंखे-मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराने ती चिमटीत धरून पाहिली आणि हसून म्हणाला, “साहेब, ही तार नाही, कोळ्याचं जाळं आहे.” शेवटी पिकअपचंच काम करणाऱ्या एकाकडून जुनेच चुंबक ठेवून नवी तार भरून घेतली. टोनचा पॉट नवा घेतला. तो घेताना माप बघावं लागतं. अमेरिकन भोक इंचातलं असतं, स्वस्तातला पॉट मिलिमीटरमधला, आणि मग तो त्या भोकात डुगडुगतो. व्हॉल्यूमची खरखर क्लीनर मारल्यावर गेली, म्हणून तो पॉट तसाच राहू दिला. स्ट्रॅपच्या बटणाचं भोक सैल झालं होतं. त्यात फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा घट्ट बसला.

संग्राहकांना यातलं काहीच रुचणार नाही. त्यांना सोल्डरचे ठिपकेसुद्धा कारखान्यातलेच हवे असतात, आणि जुन्या गिटारला नवा रंग दिला की तिची किंमत जवळपास निम्म्यावर येते. दुसरीकडे खुद्द फेंडर कंपनी गेली कित्येक वर्षं नव्या कोऱ्या गिटारचा रंग मुद्दाम खरवडून, लोखंड गंजवून त्या ‘रेलिक’ नावाने जास्त दामाला विकते आहे!

गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७०मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडरच्याच जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून एक गिटार तयार केली. तीच ‘ब्लॅकी’. २००४ साली क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. बाजाराच्या भाषेत ही जोडकामाची गिटार. ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणून मान द्यायचा ते तिच्यात नव्हतंच, ते वाजवणाऱ्याच्या हातात होतं.

आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जवारीला येतो, खुंट्या बदलल्या जातात, तडकलेला भोपळा सांधला जातो. त्यावर गाणारा एकच विचारतो, सूर लागतो का? मला हा प्रश्न जास्त शहाणपणाचा वाटतो. तरी संग्राहकांची एक गोष्ट मला पटते. काढलेला भाग कचऱ्यात टाकू नये. त्याच्यावर साल आहे, कारखान्याचा छाप आहे, आणि तो पुन्हा घडत नाही. भाग बदलायचा तो चालत नसेल तर, नुसता जुनाट दिसतो म्हणून नव्हे.

तुमच्याकडे अशी एखादी जुनी गिटार असेल तर ती खुशाल उघडा, दुरुस्त करा, वाजवा. निघालेले भाग पिशवीत घालून केसमध्येच ठेवा, काय बदललं ते कागदावर लिहा, आणि उद्या विकलीत तर तो कागद घेणाऱ्याच्या हातात द्या.