दुसरा हिवाळा

माँट्रियलमधल्या आमच्या घरासमोर मेपलचे एक झाड आहे. परवा सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली गेलो, तेव्हा त्या झाडाचे एक पान लाल झालेले दिसले. बाकी सारे झाड हिरवेगार होते. फक्त एका फांदीच्या टोकाला ते पान, कुणी दारावर नोटीस चिकटवून जावे तसे. सप्टेंबर अजून संपायचा होता. मी वर येऊन सौ.ला म्हणालो, "आला गं हिवाळा!"

ती प्रयोगशाळेत निघण्याच्या घाईत होती. "येऊ दे. गेल्या वर्षीही आलाच होता की!" एवढे बोलून ती गेलीसुद्धा. आमची नऊ वर्षांची कन्या मात्र दुधाचा पेला अर्धा टाकून खिडकीशी धावली. "बाबा, बर्फ कधी पडणार?"

मायलेकींची मते अशी पक्की आहेत. घोटाळा आहे तो माझा. "आला" म्हणताना माझ्या आवाजात धास्ती होती की आनंद, हे माझे मलाच सांगता येईना.

मी मूळचा निफाडचा. नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पत्नीला इथल्या एका विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले, म्हणून गेल्या वर्षी जूनपासून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन मी या घराचा गृहस्थ, खरे तर गृहिणी, होऊन आलो. स्वयंपाक, कन्येची शाळा आणि दहा वर्षे रखडलेला प्रबंध, एवढा माझा संसार. त्यातले पहिले दोन बरे चालले आहेत.

इथला हिवाळा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात बसून समजणे कठीण. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी चार दवबिंदू गोठले, की आपल्या वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. इथे वर्षाला सुमारे दोन मीटर हिम पडते. जानेवारीत उणे दहा अंश ही नेहमीची गोष्ट. उणे पंचवीस झाले तरीही मुले शाळेत जातातच. डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. १ डिसेंबर ते १५ मार्च मोटारींना हिवाळी टायर लावावे लागतात, तसा इथे कायदाच आहे. रस्त्यातले बर्फ उपसायला यंत्रे निघाली, की आधी भोंगे वाजतात. ज्याची गाडी रस्त्यावर उभी असेल तो रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून धावत सुटतो.

मी वर्गात हेमंत-शिशिराच्या कविता वर्षानुवर्षे शिकवल्या. परंतु बर्फाच्या बाबतीत मी निरक्षर आहे, हे गेल्या डिसेंबरात उघडकीला आले. या गावात घरांचे जिने बाहेरच्या बाजूला असतात. लोखंडी, नागमोडी आणि दिसायला मोठे देखणे. एका सकाळी आमच्या जिन्यावर बर्फाचा थर साचला. मी विचार केला, बर्फ कशाने वितळते? उष्णतेने. तेव्हा बादलीभर कढत पाणी आणून वरच्या पायरीवरून ओतले. पाच मिनिटे मी स्वतःवर खूश होतो. दहाव्या मिनिटाला त्या साऱ्या जिन्याची काच झाली!

खालच्या मजल्यावर सत्तरी उलटलेल्या एक बाई राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मादाम म्हणतो. त्या दार उघडून बाहेर आल्या, त्यांनी जिन्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिले, आणि फ्रेंचमध्ये जे काही बोलल्या ते मला भाषा येत नसूनही पूर्ण समजले. मग मिठाची पिशवी आणून त्यांनी मला धडा दिला. आधी फावड्याने काढायचे, मग मीठ टाकायचे. थंडी फारच वाढली की मीठही काम करीनासे होते, तेव्हा बारीक खडी पसरायची. धडा संपल्यावर त्यांनी मला कॉफी पाजली आणि १९९८ सालची हकीकत सांगितली.

त्या जानेवारीत इथे पाच-सहा दिवस गोठता पाऊस पडला. पाऊस पडायचा आणि जिथे टेकेल तिथे बर्फ होऊन बसायचा. त्या भाराने झाडे मोडली, विजेचे मनोरे वाकून कोसळले. लाखो घरे भर थंडीत अंधारात राहिली. काही भागांत वीज परत यायला महिनाभर लागला. मादामच्या बहिणीकडे लाकडे जाळायची जुनी शेगडी होती. तिथे अकरा माणसे आठ दिवस राहिली. "त्यांतल्या चौघांना मी त्याआधी ओळखतही नव्हते," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "फार वाईट दिवस होते." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की वाईट दिवसांची आठवण सांगणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

तो चेहरा मी ओळखला. कारण थंडीची भीती मलाही लहानपणापासूनची आहे. निफाड म्हणजे आपल्याकडच्या थंडीचे माहेरघर. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरला, की इतरांना ती गुलाबी थंडी. आमच्या घरात मात्र सुतक. आमची तीन एकर द्राक्षाची बाग होती. ऑक्टोबर छाटणीपासून जपलेले घड ऐन भरात यायचे, आणि एका रात्रीच्या कडाक्याने मणी तडकायचे. वर्षाची कमाई अशी तडकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून त्या दिवसांत वडील रात्री दोनला हाक मारीत. मी आणि धाकटा भाऊ गोधडीतून निघत असू, ते कुडकुडतच. बांधावर पालापाचोळा आणि भुसा पेटवून धूर करायचा, मोटर चालू करून विहिरीचे ऊन पाणी बागेला सोडायचे. आई पितळी किटलीतून चहा आणी. धुराने डोळे चुरचुरत. वडील एरवी अबोल. पण त्या शेकोटीपाशी ते गोष्टी सांगत. त्यांचे जेवढे बोलणे मला आठवते, त्यातले निम्मे त्या रात्रींचे आहे.

वडील जाऊन सहा वर्षे झाली. बाग आता भाऊ पाहतो. आई त्याच्याकडे निफाडलाच असते. तिला शहात्तरावे चालू आहे.

मी रोज सकाळी साडेआठला तिला फोन करतो. तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, दिवेलागणीची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली सारी घड्याळे एक तास मागे जातात. दोन गावांतले साडेनऊ तासांचे अंतर साडेदहा होते. गेल्या वर्षी त्या रविवारी मी नेहमीसारखा फोन केला, तर ती म्हणाली, "आज उशीर केलास. मी दिवा लावून कधीची बसलेय." मी तिला घड्याळाचे गणित समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तू आणखी एक तास लांब गेलास." सरकारी कारभाराचा इतका नेमका अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

कन्येची गोष्ट निराळी. तिची शाळा फ्रेंच. ती रोज नवे शब्द घेऊन येते. वाऱ्याने उडणारे भुरभुरीत हिम म्हणजे 'पूद्रेरी', गोठत्या पावसाचा काचेसारखा थर म्हणजे 'वेर्ग्ला'. मग मला विचारते, "बाबा, याला मराठीत काय म्हणतात?" आकाशातून पडते तेही बर्फ, उसाच्या रसात घालतात तेही बर्फ, आपल्याकडे दुसरा शब्द पुस्तकातला, हिम. मी निरुत्तर होतो आणि मग चिडून तिला पावसाचे शब्द पाठ करायला लावतो: रिपरिप, झिमझिम, भुरभुर, सर, झड, वळीव, संततधार, मुसळधार. तिने एकदा विचारले, "रिपरिप म्हणजे नक्की केवढा?" हे मला शब्दांनी समजावता येईना. त्यासाठी तिला पावसात उभे करावे लागेल, नाशिकच्या एखाद्या गळक्या बस थांब्यावर.

आणि तेच तर ठरत नाही. पत्नीचे काम दोन वर्षांनी वाढले आहे. महाविद्यालयाचे पत्र येऊन पडले आहे: जूनमध्ये रुजू होणार की रजा वाढवून हवी, ते डिसेंबरअखेर कळवावे. पहिला हिवाळा पाहुण्याचा असतो. पाहुणा यजमानाच्या घराला नावे ठेवतो आणि त्याचे कौतुकही करतो, कारण तो जायचा असतो. दुसऱ्या हिवाळ्याला मात्र माणूस मिठाची पिशवी आधीच आणून ठेवतो. मी ती आणून ठेवली आहे. मादामच्या पायऱ्याही यंदा मीच साफ करणार आहे, त्यांचा गुडघा दुखतो. आणि खरे सांगायचे तर, पहिल्या हिमाच्या रात्री सगळे गाव जसे एकाएकी गप्प होते, तशी शांतता मी दुसरीकडे कुठेही अनुभवलेली नाही. मी तिची वाट पाहतो आहे. वाट पाहतो आणि मग निफाडची आठवण होऊन मला चोरट्यासारखे वाटते. एकाच वेळी दोन शेकोट्यांपाशी बसता येत नाही, एवढेच या साऱ्याचे दुखणे.

गेल्या आठवड्यात आईला एक नवल सांगितले. कॅनडात काही बागाईतदार द्राक्षे मुद्दाम वेलीवर ठेवतात. पारा उणे आठाच्या खाली जाऊन घड गोठले, की ते तसेच तोडून त्यांची गोड वाइन करतात.

"दारू?" आई म्हणाली.

"हो, दारूच. पण बघ ना, आपण ज्या थंडीपासून द्राक्षे वाचवायचो, तिचीच हे लोक वाट पाहतात."

"मग तिथल्या बायका रात्री निवांत झोपत असतील."

"नाही गं. तोडणी बहुधा रात्रीच करतात. उजाडल्यावर घड सैल पडायला नकोत."

ती जरा थांबली. "म्हणजे जागरण तिकडेही चुकलं नाही," म्हणाली, आणि भावाने छाटणीला लावलेल्या माणसांची मजुरी किती वाढली ते सांगू लागली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याकडे उटण्याचा वास दरवळत असेल. आमच्या समोरचा मेपल बहुतेक उघडा झालेला असेल. मी महाविद्यालयाच्या पत्राला उत्तर लिहिले असेल की नाही, कोण जाणे.

शनिवारी कन्येला बर्फातले बूट घ्यायला गेलो होतो. गेल्या वर्षीचे तोकडे झाले. दुकानातली मुलगी म्हणाली, "एक माप मोठे घ्या. पुढच्या हिवाळ्यालाही होतील." दोन्ही जोड समोर ठेवून मी बराच वेळ बाकावर बसलो. कन्या दोन्ही घालून दुकानभर थपथप चालून आली. शेवटी मी मोठे घेतले.

दुसऱ्या दिवशी आईला बूट घेतल्याचे सांगितले. मापाबद्दल मी काही बोललो नव्हतो. तिने आपणहून विचारले, "वाढत्या अंगाचेच घेतलेस ना?"

"हो."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "बरं केलंस. पोरांचे पाय थांबत नाहीत."